चेन लॅडर की आणखी काही? रिझर्व्हचं मॉडेल निवडण्याचे माझे सहा महिने

४ सप्टेंबरला सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दायित्व विम्यातल्या शारीरिक इजेच्या क्लेम्सचा रिझर्व्ह, म्हणजे अजून द्यायच्या राहिलेल्या रकमांसाठीची तरतूद, या वर्षअखेरीपासून मी काढायचा, असं ठरलं होतं. शिवाय कोणतं मॉडेल घेतलं, दुसरी का सोडली, हे लिहून काढून रिझर्व्हिंग कमिटीपुढे मांडायचं. त्याआधी तीन वर्षं मी दुसऱ्यांनी बांधलेल्या फायली चालवत होते. नवा कर्ण, म्हणजे ताज्या वर्षाच्या आकड्यांची तक्त्यातली तिरकी रांग, चिकटवायचा, सरासऱ्या डोळ्यांखालून घालायच्या, बेरीज जुळली की फाइल पुढे पाठवायची. मॉडेल निवडणं हे स्वतंत्र काम असतं, हेच कधी अंगावर आलं नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सूत्रं सगळीकडे मिळतात. पण निवड करताना माणूस कुठे अडतो, किती दिवस जातात, कोणत्या चुका होतात, हे सांगणारं फारसं हाती लागलं नाही. ज्यांच्यावर ही वेळ पुढे येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अगदी नवख्यांसाठी आधी दोन शब्द. एखाद्या वर्षी झालेल्या अपघातांचे पैसे त्याच वर्षी चुकते होत नाहीत. शारीरिक इजेत उपचार, कोर्ट, तडजोड यांत सहज सात-आठ वर्षं जातात. म्हणून उभ्या बाजूला अपघाताचं वर्ष, आडव्या बाजूला त्यानंतर उलटलेली वर्षं, आणि प्रत्येक घरात तोवर दिलेली एकूण रक्कम, असा तक्ता मांडतात. जुन्या वर्षांची ओळ लांब, नव्यांची आखूड. त्यामुळे भरलेला भाग त्रिकोणी दिसतो. रिकामा राहिलेला त्रिकोण भरायचा, हे आपलं काम. चेन लॅडर ही त्यातली जुनी, रुळलेली वाट: पहिल्या वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंत रक्कम सरासरी किती पट झाली, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत किती पट, असे गुणक काढायचे आणि नव्या वर्षांना तेच लावत जायचं.

सरांनी वेळापत्रक असं आखून दिलं होतं: मागच्या वर्षअखेरच्या दहा वर्षांच्या त्रिकोणावर डिसेंबरपर्यंत पद्धत ठरवायची आणि ३१ डिसेंबरचा नवा कर्ण आला की त्याच पद्धतीने अंतिम आकडा काढायचा. ही रचना किती कामाची आहे, हे मला जानेवारीत कळलं.

९ सप्टेंबरला डेटाची मागणी पाठवली. अर्जात काय मागायचं, यावरच दोन दिवस गेले. दिलेली रक्कम आणि क्लेम खात्याने बाजूला ठेवलेला अंदाज वेगवेगळा हवा. पुनर्विम्याआधीचा आकडा हवा. वसुली वेगळ्या रकान्यात हवी. अपघाताची तारीख आणि कळवल्याची तारीख, दोन्ही हव्यात. आणखी एक गोष्ट मी मागितली नाही आणि ती पुढे दोन आठवड्यांना पडली: बंद झालेल्या क्लेम्सची संख्या. तुम्ही पहिल्याच अर्जात ती मागा.

डेटा २ ऑक्टोबरला आला. तोपर्यंतचे तीन आठवडे वाया जातील या धास्तीने मी घरी सराव सुरू केला, आणि आता वाटतं, तेच सगळ्यांत बरं झालं. आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं चेनलॅडर नावाचं पॅकेज मोफत मिळतं आणि त्यात अभ्यासलेखांतून वर्षानुवर्षं वापरले गेलेले त्रिकोण तयार असतात. त्यातला एक टेलर आणि अ‍ॅश यांच्या १९८३च्या लेखातला. थॉमस मॅक यांनी १९९३ साली चेन लॅडरच्या अंदाजाची प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो याचं माप) काढण्याचं सूत्र मांडलं, तेही याच त्रिकोणावर करून दाखवलं. उत्तर छापलेलं आहे: एकूण रिझर्व्ह १,८६,८०,८५६ आणि प्रमाण त्रुटी २४,४७,०९५, म्हणजे १३ टक्के. मी ठरवलं, पॅकेजच्या आधी हे आकडे स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये आणायचे. चार संध्याकाळी लागल्या. रिझर्व्ह पहिल्याच दिवशी जुळला. त्रुटी चौथ्या दिवशी, कारण सगळ्या वर्षांची बेरीज करताना वर्षावर्षांमधला सहसंबंध मी सोडत होते. गुणक सगळ्यांना सामाईक आहेत, तेव्हा ते चुकले तर सगळी वर्षं एकाच दिशेला चुकणार. हे सूत्रात वाचलं होतं, पण हाताने गणित केल्यावरच उमगलं.

याच त्रिकोणाने दुसरा धक्का दिला. ओव्हर-डिस्पर्स्ड पॉयसन मॉडेल, ज्याला सगळे ओडीपी म्हणतात आणि ज्यात व्हेरियन्स सरासरीच्या प्रमाणात धरतात, त्याचा रिझर्व्ह अगदी तोच येतो, शेवटच्या रुपयापर्यंत. रेनशॉ आणि व्हेराल यांच्या १९९८च्या लेखात ही जोड नीट मांडली आहे. पण त्याची प्रमाण त्रुटी निघते सुमारे १६ टक्के. म्हणजे मधला आकडा एकच, भोवतीची रुंदी वेगळी. मी तोवर ‘कोणतं मॉडेल बरोबर उत्तर देतं’ असा प्रश्न घेऊन बसले होते. इथे उत्तर एकच असूनही निवड उरतेच, आणि ती रुंदीची आहे. आयएफआरएस १७ हे विमा करारांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक लागू झाल्यापासून, म्हणजे १ जानेवारी २०२३पासून, जोखीम समायोजन (अनिश्चिततेपोटी वर ठेवायची रक्कम) कोणत्या विश्वास-पातळीवर बसतं हे जाहीर करावं लागतं. त्यामुळे ही रुंदी आता परिशिष्टात दडवून चालत नाही.

डेटा आल्यावर आधी खातेवहीशी ताळा. कॅलेंडर वर्षाप्रमाणे दिलेल्या रकमांची बेरीज हिशेब खात्याच्या आकड्याशी जुळली पाहिजे. दोन वर्षं जुळेनात. काही क्लेम्समध्ये अपघाताच्या तारखेच्या जागी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख पडली होती, आणि काही पुन्हा उघडलेले क्लेम नव्या क्रमांकाने दुसऱ्यांदा मोजले गेले होते. हे निस्तरायला सहा दिवस गेले. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. चुकीच्या ओळीत बसलेला एक मोठा क्लेम सगळे रेसिड्युअल (खरा आकडा आणि मॉडेलचा आकडा यांतले फरक) बिघडवतो आणि आपण दोष मॉडेलला देत बसतो. फार मोठे क्लेम मी एका ठरावीक मर्यादेवर कापून वेगळे काढले आणि ती मर्यादा का निवडली, ते त्याच दिवशी लिहून ठेवलं.

मग पाच मॉडेलं रांगेत उभी केली: मॅक, ओडीपी, लॉगनॉर्मल, गॅमा (ही दोन रकमांच्या वितरणाची वेगवेगळी गृहीतकं), आणि क्लार्क यांची २००३ची वाढ-वक्राची पद्धत. शेवटचीचं आकर्षण वेगळं होतं. दहा वर्षांच्या त्रिकोणात घरं ५५. चेन लॅडरच्या धर्तीचं मॉडेल त्यातून १९ पॅरामीटर काढतं. क्लार्कच्या केप कॉड पद्धतीत ते ३च असतात: अपेक्षित क्लेम गुणोत्तर (प्रीमियमच्या मानाने क्लेम किती येतील) आणि वक्राचे दोन. इतक्या थोड्या माहितीवर १९ गोष्टी ठरवायच्या, हे मला पहिल्यापासून खटकत होतं.

इथे मी माझी पहिली मोठी चूक केली. एआयसी हा निकष (मॉडेल डेटावर किती नीट बसतं आणि त्यासाठी किती पॅरामीटर वापरतं, हे एकत्र तोलणारा) सगळ्यांना लावून, ज्याचा कमी तो जिंकला, असा तक्ता बनवला. लॉगनॉर्मल फार मोठ्या फरकाने पहिला आला. मला इतका आनंद झाला, की १८ ऑक्टोबरच्या शुक्रवारी तो तक्ता सरांना पाठवूनही दिला. सोमवारी त्यांनी तीन प्रश्न लिहून परत पाठवला.

पहिला: लॉगनॉर्मल तू रकमेच्या लॉगवर बसवलंयस आणि गॅमा रकमेवर, दोघांची संभाव्यता (लाइकलीहुड, म्हणजे हा डेटा त्या मॉडेलप्रमाणे किती शक्य आहे) एका मापात आहे का? नव्हती. लॉगवरच्या एआयसीमध्ये सगळ्या निरीक्षणांच्या लॉगच्या बेरजेची दुप्पट मिळवली, तर दोन आकडे एका मापात येतात. मिळवल्यावर लॉगनॉर्मलची आघाडी गेली. दुसरा: दोघांना घरं तीच दिली आहेस का? नव्हती दिली. लॉगनॉर्मल बसवताना एक घर प्रोग्रॅमने न सांगता गाळलं होतं. वेगळ्या डेटावरचे एआयसी एकमेकांशी ताडताच येत नाहीत. तिसरा: ओडीपीचा एआयसी कुठून आणलास? तो मी साध्या पॉयसनवरून काढला होता. ओडीपीमागे पूर्ण संभाव्यता नाही, अर्धसंभाव्यता आहे. आर भाषा तिथे एआयसीच्या जागी एनए, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, दाखवते, ते काही उगाच नाही. आणि मॅक यांचं मॉडेल तर कोणतंच वितरण गृहीत धरत नाही, तिथे एआयसीचा प्रश्नच येत नाही.

म्हणजे ज्या दोन मॉडेलांत मला खरी निवड करायची होती, त्यांना हा निकष लागतच नव्हता. दोन आठवड्यांचं काम बाजूला पडलं. तो आठवडा फार जड गेला; सगळ्यांना हे आधीच ठाऊक असतं आणि आपणच उशिरा शिकतोय, असं वाटत राहिलं. सरांनी त्या तक्त्याखाली एकच ओळ लिहिली होती: ‘आधी त्रिकोणात काय घडलंय ते बघ.’

म्हणून रेसिड्युअल तीन बाजूंनी काढले: अपघाताच्या वर्षाप्रमाणे, वयाप्रमाणे (अपघातानंतर उलटलेली वर्षं) आणि कॅलेंडर वर्षाप्रमाणे. पहिल्या दोन चित्रांत खास काही नाही. ते साहजिकच आहे, कारण मॉडेलचे पॅरामीटर त्याच दोन दिशांना असतात. तिसऱ्यात मात्र सरळ दिसलं: शेवटून तिसऱ्या कर्णावर सगळे ठिपके शून्याच्या वर, आणि त्यानंतरच्या दोन्ही कर्णांवर खाली. मॅक यांनी १९९४च्या लेखात कॅलेंडर वर्षाच्या परिणामासाठी साधी चाचणी दिली आहे. प्रत्येक कर्णावरचे गुणक मोठे किती आणि लहान किती, हे मोजायचं. तीही नापास झाली. चेन लॅडर अपघाताची वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र धरतं. एकाच कॅलेंडर वर्षात सगळ्यांना एकदम काही झालं असेल, तर ते गृहीतकच मोडतं.

२९ ऑक्टोबरला तो आलेख छापून क्लेम खात्यात गेले. तिथल्या मॅडम वीस वर्षांहून जास्त काळ तेच काम पाहताहेत. मी त्यांना विचारलं, “मॅडम, या वर्षी तुमच्याकडे काही बदललं होतं का?”

त्यांनी आलेखाकडे पाहिलंही नाही, फक्त वर्ष ऐकलं. “अगं, त्या वर्षी आम्ही छोट्या क्लेम्सचं वेगळं टेबल सुरू केलं की! साचलेली सगळी प्रकरणं सहा महिन्यांत मिटवली. तेव्हापासून छोटा क्लेम आमच्याकडे पडून राहत नाही.”

“म्हणजे रक्कम वाढली नाही, फक्त लवकर दिली गेली?”

“लवकर. कुणाला जास्त दिले असं नाही.”

मी आठ आठवडे संगणकासमोर काढले होते आणि उत्तर दोन मजले खाली होतं. डेटा मागितला त्याच आठवड्यात त्यांना जाऊन भेटायला हवं होतं. आता नव्या त्रिकोणाला हात लावण्याआधी मी चार गोष्टी विचारून येते: मिटवण्याचा वेग बदलला का, अंदाज ठेवण्याची पद्धत बदलली का, पॉलिसीची मर्यादा किंवा वजावट बदलली का, आणि संगणकप्रणाली बदलली का.

याचा आकड्यावर परिणाम केवढा, ते सांगते. रक्कम सांगता येणार नाही, म्हणून इन्कर्ड त्रिकोणावरचा (दिलेली रक्कम अधिक क्लेम खात्याचा अंदाज) रिझर्व्ह १०० धरू. दिलेल्या रकमांवरचं चेन लॅडर ११८ सांगत होतं. क्लेम लवकर मिटू लागले, म्हणून ताज्या वर्षांची दिलेली रक्कम जुन्या वर्षांच्या त्याच वयाच्या मानाने फुगलेली. तिला जुने गुणक लावले, की अंतिम आकडा आणखी फुगतो. दरवर्षी एकाच गतीने चढणारी महागाई गुणकांत मुरून जाते आणि पुढेही तशीच चालू राहील असं चेन लॅडर न बोलता धरून चालतं. पण मध्येच बदललेला वेग असा मुरत नाही.

यावर उपाय जुना आहे. बर्क्विस्ट आणि शर्मन यांनी १९७७ साली तो मांडला. प्रत्येक वयाला एकूण क्लेम्सपैकी किती टक्के बंद झालेले असतात ते काढायचं, आणि जुन्या वर्षांच्या रकमा आजच्या वेगाने मिटल्या असत्या तर किती असत्या, तशा बदलून घ्यायच्या. त्यासाठी बंद क्लेम्सची संख्या लागते. ती मी मागितली नव्हती. ३१ ऑक्टोबरला दुसरा अर्ज गेला आणि १४ नोव्हेंबरला फाइल आली. जुळवाजुळव केल्यावर ११८चे १०५ झाले. इन्कर्डचा त्रिकोणही तसाच विश्वासाने घ्यावा असा नव्हता, कारण अंदाज ठेवण्याची पद्धत मधल्या काळात थोडी सैल झाली होती, म्हणजे अंदाज आधीपेक्षा कमी ठेवले जात होते. तेव्हा १०५ आणि १०० मधलं अंतर मला पटणारं होतं. म्युनिक चेन लॅडर, ही क्वार्ग आणि मॅक यांची २००४ची पद्धत, दोन्ही त्रिकोणांची उत्तरं जवळ आणते. तीही चालवली. अंतर कमी झालं, पण का कमी झालं हे मला कमिटीला सांगता आलं नसतं. कारण माहीत असताना ते कारण थेट हाताळावं, असं माझं मत झालं.

नोव्हेंबरचा उरलेला भाग मागच्या काळावर चाचणी घेण्यात गेला. शेवटचा कर्ण झाकायचा, उरलेल्या ४५ घरांवर मॉडेल बसवायचं आणि झाकलेल्या कर्णाचा अंदाज करायचा. दहा घरांपैकी आठचाच अंदाज करता येतो. सगळ्यांत जुन्या वर्षासाठी गुणक उरत नाही आणि सगळ्यांत नवं वर्ष त्रिकोणातच नसतं. असे एकामागून एक तीन कर्ण झाकले: आठ, सात आणि सहा, मिळून २१ घरं. ८० टक्क्यांच्या पट्ट्यात साधारण १७ पडायला हवीत. मूळ दिलेल्या रकमांवरच्या ओडीपीत ९ पडली. जुळवलेल्या त्रिकोणावर १७.

हा आकडा पाहून मी शांत झोपले. आमच्याकडे प्रत्येक कामाची दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्र तपासणी करावी लागते. तपासणाऱ्या सहकाऱ्याने ३ डिसेंबरला विचारलं, “तीन वर्षांपूर्वीचा अंदाज करताना तू जुळवणी आजच्या वेगाने केली आहेस. तो वेग तेव्हा माहीत होता का?” नव्हता. मी नकळत उत्तरपत्रिका पाहून पेपर सोडवला होता. प्रत्येक झाकलेल्या तारखेला तेव्हापर्यंतचीच माहिती वापरून सगळं पुन्हा केलं. २१ पैकी १३ आली. बाहेर पडलेल्या आठांपैकी पाच एकट्या त्या बदलाच्या वर्षातली होती, आणि खात्यात नवं टेबल येणार आहे हे कुठलंच मॉडेल आदल्या वर्षी सांगू शकत नाही. अहवालात मी १७ काढून १३ लिहिले आणि खाली हे कारण. एका कर्णावरची घरं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे २१ म्हणजे २१ वेगवेगळे पुरावे नव्हेत, हेही लिहिलं.

रुंदीसाठी मॅक की ओडीपी, हे त्यानंतर ठरलं. इन्कर्ड त्रिकोणात अंदाज खाली आणले जातात तेव्हा वाढ उणे होते, आणि ओडीपीला एखाद्या वयाची सगळी बेरीज उणे झालेली चालत नाही. तिथे साचलेल्या रकमांवर चालणारं मॅक सोयीचं. पण ग्लेन मेयर्स यांनी २०१५मध्ये २०० त्रिकोणांवर, ज्यांचा पुढचा खरा निकाल उपलब्ध होता, असं दाखवलं की इन्कर्डवर मॅकचा पट्टा अरुंद पडतो. माझ्याकडे जुळवलेला दिलेल्या रकमांचा त्रिकोण होता, त्यात अशा उणे बेरजा नव्हत्या. म्हणून ओडीपी बूटस्ट्रॅप (रेसिड्युअल उलटसुलट करून हजारो नवे त्रिकोण बनवायचे आणि दर वेळी रिझर्व्ह काढायचा) घेतला आणि इन्कर्डवरचं मॅक ताळ्यासाठी ठेवलं. लांबच्या वयांना रेसिड्युअल पसरट होते, त्यामुळे सगळ्या वयांना एकच डिस्पर्शन (चढउताराचं माप) न लावता तीन गटांत वेगवेगळं लावलं. जुळवणीतली अनिश्चितता या पट्ट्यात येत नाही, हे मर्यादांच्या पानावर पहिल्या ओळीत आहे.

बूटस्ट्रॅपमध्ये दुसरी मोठी चूक झाली. दहा हजार फेऱ्या चालवायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे निकाल झटकन आला आणि पट्टा सुखद अरुंद होता. मी रेसिड्युअल उलटसुलट करून गुणक पुन्हा पुन्हा काढत होते, पण त्या गुणकांनी आलेल्या भावी रकमांवर त्यांचा स्वतःचा चढउतार टाकत नव्हते. म्हणजे पॅरामीटरची अनिश्चितता होती, प्रक्रियेची नव्हती. ही दुसरी पायरी गॅमातून आकडे काढून करतात. शिवाय ५५ घरांतून १९ पॅरामीटर काढल्यावर ३६च मोकळे उरतात, तेव्हा रेसिड्युअल ५५ भागिले ३६च्या वर्गमुळाने मोठे करावे लागतात. तेही राहिलं होतं. दोन्ही सुधारल्यावर पट्टा जवळपास दीडपट झाला. सूत्राने काढलेली ओडीपीची त्रुटी आणि बूटस्ट्रॅपची त्रुटी शेजारी ठेवून पाहिली असती, तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

सगळ्यांत नव्या दोन वर्षांना मी चेन लॅडर लावलं नाही. शारीरिक इजेत पहिल्या वर्षाअखेर इतकी थोडी रक्कम दिली जाते, की एखादं प्रकरण इकडेतिकडे झालं तरी अंतिम आकडा उडतो. तिथे बॉर्नह्युटर-फर्ग्युसन, १९७२ची पद्धत: अजून न दिसलेला भाग प्रीमियम आणि अपेक्षित क्लेम गुणोत्तरावरून धरायचा. हे गुणोत्तर प्रायसिंग विभागाकडून लेखी घ्या. तोंडी घेतलं तर पुढच्या वर्षी ते कुणालाच आठवत नाही. दहाव्या वर्षानंतरच्या शेपटीसाठी सगळ्यांत जुन्या दोन वर्षांची उरलेली प्रकरणं क्लेम खात्याबरोबर एकेक करून पाहिली. अर्धा दिवस गेला, आणि कुठल्याही वक्रापेक्षा मला त्याचा जास्त भरवसा वाटतो.

२७ डिसेंबरला नव्या कर्णाच्या नऊ घरांचा अंदाज आणि प्रत्येकाचा ८० टक्क्यांचा पट्टा सरांना मेलने पाठवला. ही कल्पना त्यांचीच. आकडा येण्याआधी तो दुसऱ्याच्या हातात असला, की नंतर आपण तो हलवू शकत नाही. ३१ डिसेंबरचा डेटा ९ जानेवारीला आला. त्या सकाळी फाइल उघडायला मी उगीचच उशीर करत होते. नऊपैकी सात घरं पट्ट्यात होती. बाहेरच्या दोनांपैकी एक कापलेल्या मर्यादेला टेकलेल्या एकाच क्लेममुळे वर गेलं होतं. दुसऱ्याचं कारण आजही मला माहीत नाही. क्लेम खात्यातल्या मॅडमना फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, “बरं झालं. आता ते टेबल बंद झालं तर आधी तुलाच सांगते.”

कमिटी २३ जानेवारीला झाली. चाळीस पानांच्या अहवालावर पन्नास मिनिटं. मॉडेलच्या सूत्रांवर एकच प्रश्न आला. बाकी सगळे असे: ११८ का सोडले, क्लेम खात्याचा बदल लेखी कुठे आहे, दोन वर्षं मिटवण्याचा वेग पुन्हा घसरला तर रिझर्व्ह किती हलेल. शेवटच्याचं उत्तर तयार नव्हतं. तसं सांगितलं आणि दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या वेगांवरचा तक्ता दिला. पहिल्या दोनांची उत्तरं ऑक्टोबरपासून रोज लिहीत असलेल्या वहीतून निघाली. प्रत्येक निर्णयाची तारीख, पर्याय आणि कारण, अशा तीन ओळी; एवढी सवय लावून घ्या. फेब्रुवारीत लेखापरीक्षकांचे चौदा प्रश्न आले, त्यातल्या अकरांना त्याच वहीतली पानं जोडली. १९ फेब्रुवारीला सह्या झाल्या.

माझ्या नोंदीप्रमाणे एकूण ३१० तास लागले. त्यातले मॉडेल बसवण्याचे जेमतेम ६०. डेटा जुळवण्यात त्याहून जास्त गेले.

सध्या दर तिमाहीला अपेक्षित आणि प्रत्यक्ष रकमांची तुलना करते. मार्चअखेरीच्या तुलनेत तिसऱ्या वयाचं घर थोडं खाली आलंय. एका तिमाहीवरून काही ठरवायचं नाही, असं वहीत लिहिलंय. पण परवा क्लेम खात्यात जाऊन विचारून येणार आहे.